सिगार मजुरांच्या वस्तीतली न्याहारी

आम्ही पडलो कारकून माणूस. शिल्लक रजा किती आणि हातात पैसा किती, हे दोन आकडे जुळल्याखेरीज आम्ही घराबाहेर पाऊल टाकीत नाही. त्यामुळे २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही सपत्नीक अमेरिकेला चाललो हे ऐकून कचेरीतल्या मंडळींना जेवढे नवल वाटले, तेवढेच आम्हालाही वाटत होते. आमच्या थोरल्या ताईचा मुलगा फ्लोरिडा राज्यातल्या टांपा शहरी नोकरीला आहे. ताई आणि भाऊजी आदल्या वर्षी जाऊन आले होते. शैक्षणिक कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला तसा पोराने मामा-मामींच्या तिकिटांचा हट्ट धरला, आणि आम्ही नागपूरची थंडी सोडून तीन आठवडे तिकडे राहून आलो.

परत आल्यावर वस्तीतल्या लोकांनी विचारले, काय काय पाहिले? आम्ही सांगितले, एक पाव पाहिला आणि एक कॉफी प्यालो. लोक हसले. पण वाचकहो, आम्ही थट्टा केली नव्हती.

टांपाला गेल्यावर भाचा म्हणाला, "मामा, इथे येऊन क्युबन सँडविच खाल्लं नाही तर आलेच नाही असं म्हणतात." क्युबा हे फ्लोरिडाच्या दक्षिणेला समुद्रातले बेट, हे आम्हाला ठाऊक होते. तिथले सँडविच टांपाचे कसे झाले, हे मात्र ठाऊक नव्हते. पहिल्या दिवशी त्याने आम्हाला ईबोर सिटी नावाच्या जुन्या भागात नेले. विटांच्या इमारती, लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या, आणि रस्त्यावरून मोकाट फिरणारे कोंबडे-कोंबड्या. त्यांना कोणी हात लावायचा नाही, असा तिथे शहराचा नियम आहे. आमच्या घरच्या बाईंना हे फार आवडले. तिथल्या सातव्या अव्हेन्यूवर एका नटव्या हॉटेलात आम्ही बसलो. सतरा डॉलरचे एक सँडविच, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे चौदाशे रुपये. पाव बनसारखा मऊ, आत सॅलडचा पाला, टोमॅटो, आणि चीज तर वितळलेलेसुद्धा नव्हते. पैसे दिले होते म्हणून संपवले. आमच्या मनात आले, एवढ्याचसाठी एवढा गाजावाजा?

खरे काय ते आम्हाला दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितले. ईबोर सिटीत क्युबाचे स्वातंत्र्यवीर होसे मार्ती यांच्या नावाचे एक लहानसे उद्यान आहे. आत त्यांचा पांढरा पुतळा आहे. ती जागा १९५६ पासून क्युबा सरकारच्या नावावर आहे, आणि तिथे क्युबाच्या सहाही जुन्या प्रांतांतली माती आणून ठेवली आहे. आम्ही फाटकाशी उभे राहून पाटी वाचत होतो. शेजारी काठी टेकून उभ्या असलेल्या, वर्णाने काळ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थांनी इंग्रजीत विचारले, "मार्तीला भेटायला आलात, की कोंबड्यांना?" आमच्या भाच्याने हसून सांगितले, "सँडविच शोधायला." ते म्हणाले, "मग या रस्त्यावर काय करता? सँडविच जिथे फोटो काढतात तिथे मिळत नाही. जिथे दाराशी कामाचे बूट घातलेली माणसे उभी दिसतील तिथे मिळते." आणि त्यांनी चार-पाच किलोमीटरवरच्या वेस्ट टांपामधल्या एका कॅफेचा पत्ता सांगितला. आपण स्वतः दर शनिवारी सकाळी सात वाजता तिथेच असतो, असेही म्हणाले.

शनिवार यायला तीन दिवस होते. तेवढ्यात आम्ही त्या भागाची माहिती करून घेतली. ती थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण तिच्याशिवाय तो पाव कळत नाही.

व्हिसेंते मार्तिनेझ ईबोर नावाच्या सिगार कारखानदाराने १८८५-८६ च्या सुमारास टांपाजवळ ओसाड जमीन घेऊन तिथे कारखाना आणि कामगारांची घरे उभी केली. क्युबातून तंबाखू यायची, क्युबातूनच हाताने सिगार वळणारे मजूरही यायचे. पाठोपाठ स्पॅनिश आले, सिसिलीकडचे इटालियन आले. शेजारी १८९२ पासून वेस्ट टांपा ही दुसरी वस्ती वाढली. भरभराटीच्या काळात तिथे सुमारे दोनशे कारखाने होते, आणि टांपाला सिगारचे शहर म्हणत. १९६२ मध्ये अमेरिकेने क्युबाच्या मालावर बंदी घातली आणि राहिलेला धंदाही आवळत गेला. आता जुन्या कारखान्यांपैकी एकच चालू आहे, १९१० साली बांधलेला, घड्याळाच्या मनोऱ्याचा.

त्या कारखान्यांतली एक रीत ऐकून आम्ही अवाक् झालो. शेकडो मजूर बाकांवर ओळीने बसून सिगार वळीत, आणि मधोमध उंच मचाणावर बसून एक माणूस त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. त्याला 'लेक्तोर' म्हणत. सकाळी वर्तमानपत्रे, दुपारनंतर कादंबऱ्या. सर्व्हान्तेस, व्हिक्तोर ह्युगो, झोला. ज्याला स्वतःची सही येत नाही असा मजूरही 'डॉन किहोते'वर वाद घाली. आणि या वाचकाचा पगार मालक देत नसे. प्रत्येक मजूर आपल्या आठवड्याच्या मजुरीतून काही सेंट काढून देई. वाचक निवडायचे मजुरांनी, आणि काय वाचायचे तेही त्यांनीच ठरवायचे. साहजिकच मालकांना हे खुपले. हे वाचक मजुरांची डोकी बिघडवतात म्हणून १९३१ मध्ये मालकांनी मचाणे काढून टाकली. मजुरांनी संप केला, पण तो फसला. पुढे त्या जागी रेडिओ आले.

आमच्या आजोबांच्या वस्तीत 'जनता' यायचा तो एकच अंक. एक शिकलेला वाचायचा आणि बाकीचे कंदिलाभोवती बसून ऐकायचे. कामठीच्या बाबू हरदासांनी बिडी मजुरांना संघटित केले, हे या पानांच्या वाचकांना आम्ही नव्याने सांगायला नको. आमची आई लहानपणी कामठीला बिड्या वळायला बसे. त्यामुळे ते मचाण, तो वाचक, त्या बाकांच्या रांगा, हे सगळे आम्हाला परके वाटलेच नाही.

मार्ती यांनाही ह्याच मजुरांनी बळ दिले. ते १८९१ च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा ईबोर सिटीत आले. स्पेनविरुद्धच्या लढ्यासाठी मजुरांनी आपल्या मजुरीतून वर्गणी दिली. टांपात त्यांच्यावर विषप्रयोगाचा प्रयत्न झाला तेव्हा त्यांची शुश्रूषा केली ती पाउलिना पेद्रोसो या काळ्या क्युबन बाईंनी. पुढे मार्ती टांपात आले की त्यांच्याच घरी उतरत, आणि पाउलिनाबाईंचे पती रुपेर्तो रात्री त्यांच्या दाराशी पहारा करीत. गोरा पुढारी काळ्या कुटुंबाच्या घरी राहतो, त्यांच्यात जेवतो, ही गोष्ट त्या काळच्या दक्षिण अमेरिकी संस्थानांत साधी नव्हती. आज ते उद्यान आहे ती पेद्रोसोंच्या घराचीच जागा. मार्ती १८९५ मध्ये लढाईत पडले.

त्यानंतरची हकिकत मात्र सरळ नाही. १८९९ साली ईबोर सिटीत काळ्या-गोऱ्या क्युबनांनी मिळून एक मंडळ काढले. एका वर्षात ते फुटले. फ्लोरिडात काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवण्याचे कायदे घट्ट होत होते, आणि गोऱ्यांना काळे सभासद नकोसे झाले. १९०० मध्ये काळ्या मंडळींनी पेद्रोसोंच्या घरी जमून आपले स्वतंत्र मंडळ स्थापन केले. एका गोऱ्या पुढाऱ्याचे आणि आंतोनियो मासेओ या काळ्या सेनापतीचे नाव जोडून त्याला 'मार्ती-मासेओ' हे नाव दिले. आजारात औषधपाणी, मयतीचा खर्च, हे सभासदांच्या वर्गणीतून. गोऱ्या क्युबनांचा १९१८ सालचा महाल अजून दिमाखात उभा आहे. मार्ती-मासेओची जुनी इमारत १९६५ मध्ये शहर सुधारणेच्या नावाखाली पाडली गेली. संस्था मात्र टिकली, सातव्या अव्हेन्यूवर दुसऱ्या जागेत.

असो. शनिवारी सकाळी सातला आम्ही वेस्ट टांपात पोहोचलो. कॅफे म्हणजे आपल्याकडच्या चौकातल्या हॉटेलाएवढेच, एका ओळीत आठ-दहा स्टुलांचा कट्टा, चार टेबले आणि भिंतीला जुने फोटो. बाहेर खरोखरच कामाचे बूट घातलेली माणसे उभी होती. कुणी छप्पर बांधणारे, कुणी रंगारी, एक टपाल वाटणारी बाई. कट्ट्यामागे साठीच्या बाई एकाच वेळी पाच जणांशी बोलत होत्या, आणि प्रत्येकाला "मी आमोर" म्हणजे "माझ्या लाडक्या" म्हणत होत्या. आम्हालाही म्हणाल्या. आमच्या घरच्या बाईंनी आमच्याकडे पाहिले.

म्हातारे गृहस्थ आधीच येऊन बसले होते. त्यांनी शेजारची स्टुले थोपटली.

आता तो पाव. क्युबन पाव हा गजभर लांब, हाताएवढा जाड. भाजण्यापूर्वी कणकेच्या लांब गोळ्यावर ताडासारख्या एका झाडाच्या पातीचा ओला पट्टा उभा ठेवतात. भट्टीत पाव फुगतो तो त्या पट्टीच्या रेषेवर उकलतो. वर पापुद्र्यासारखी कुरकुरीत साल, आत हलका मऊ. जुन्या काळी पाववाला पहाटे यायचा आणि प्रत्येक घराच्या दाराशी ठोकलेल्या खिळ्याला पाव खोचून जायचा. कुत्र्यांच्या तोंडी लागू नये म्हणून. त्या गृहस्थांच्या लहानपणच्या घराला तो खिळा होता. म्हणाले, "घर विकले तेव्हा मी तेवढा खिळा काढून आणला."

सँडविच समोर करून मिळाले ते असे. पाव आडवा चिरला. आत हॅम, म्हणजे मुरवलेले डुकराचे मांस. त्यावर 'मोहो'त मुरवून भाजलेल्या डुकराच्या मांसाचे काप. मोहो म्हणजे आपला मोह नव्हे. आंबट संत्र्याचा रस, लसूण, जिरे आणि ओरेगानो यांचे वाटण. जिऱ्या-लसणाचा वास आल्यावर आम्हाला घरची फोडणी आठवली, आणि आंबट संत्रे म्हटल्यावर नागपूरचा माणूस कान टवकारणारच. मग इटालियन सलामीच्या चकत्या, स्विस चीज, लोणच्यातली काकडी आणि पिवळी मोहरी लावलेला वरचा पाव. पाला नाही, टोमॅटो नाही. वरून लोणी फासून दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये तो दाबायचा. चांगला दाबायचा, निम्मा होईस्तोवर. साल कडक होते, चीज सगळ्यांना धरून ठेवते. मग सुरीने तिरका काप. दहा डॉलर, म्हणजे आठशे तीस रुपये, आणि एका सँडविचमध्ये आम्ही आणि भाचा दोघे जेवलो. कर्रकन चावा, मग मांसाची आंबट-खारट चव, मग मोहरीची झणक. पहिल्या दिवशीचे सतरा डॉलर आम्हाला तेव्हा खरे बोचले.

सलामीवरून मात्र भांडण आहे. मायामीचे क्युबन म्हणतात, सलामी घातली की ते क्युबन राहिले नाही. ते बहुतेक १९५९ च्या क्रांतीनंतर आलेले लोक. त्यांच्याकडे सलामी नसते. टांपावाले म्हणतात, आमच्या मजुरांच्या शेजारी इटालियन बसत होते, त्यांचा डबा आमच्या डब्यात मिसळला. २०१२ मध्ये टांपाच्या नगर परिषदेने ठराव करून सलामीसकट या सँडविचला शहराचे अधिकृत सँडविच केले. आम्ही ठराव लिहिणारे कारकून. आम्हाला या ठरावाचे कौतुक वाटले. अस्सल कोणते, हे आम्ही ठरवणारे कोण? पण एका कारखान्यातल्या मजुरांनी एकमेकांच्या शिदोरीतून केलेल्या वस्तूला जर कोणी भेसळ म्हणत असेल, तर आम्ही टांपाच्या बाजूचे.

टांपात एक गोष्ट सगळ्यांना सांगतात. हॅम स्पॅनिशांनी दिला, भाजलेले मांस क्युबनांनी, सलामी इटालियनांनी, मोहरी आणि लोणचे जर्मनांनी. असे हे सर्वांचे सँडविच. आम्हीही ती भक्तिभावाने त्या गृहस्थांना सांगितली. ते हसले. म्हणाले, "गोष्ट चांगली आहे. पण माझ्या आईने तीस वर्षे तंबाखूच्या पानांच्या शिरा काढल्या. डब्यात हेच असायचे. आणि संध्याकाळी क्लबात जायचे तर वेगळ्या दाराने नव्हे, वेगळ्या इमारतीतच."

मग त्यांनी फ्रँकलिन स्ट्रीटची हकिकत सांगितली. टांपाच्या मध्यवस्तीत वूलवर्थचे मोठे दुकान होते. काळ्या माणसाने तिथे पैसे देऊन वही घ्यावी, साबण घ्यावा, काही हरकत नव्हती. पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या कट्ट्यावर बसून कॉफी मागितली की मिळत नसे. १९६० च्या १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरो इथे चार विद्यार्थी अशाच कट्ट्यावर जाऊन बसले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला टांपात क्लॅरेन्स फोर्ट नावाच्या तरुण न्हाव्याच्या पुढाकाराने शाळेतली काळी मुले-मुली वूलवर्थच्या कट्ट्यावर जाऊन बसली. दंगा नाही, शिवी नाही. नुसते बसायचे. दुकानाने कट्टा बंद केला, मुले पुन्हा आली. त्याच वर्षी सप्टेंबरात टांपातले कट्टे सर्वांना खुले झाले. आमचे गृहस्थ तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. आईने जाऊ दिले नाही याचा राग त्यांना अजून आहे.

महाडच्या तळ्याची गोष्ट ज्याने लहानपणी घरात ऐकली आहे, त्याला ही हकिकत निराळी समजावून सांगावी लागत नाही. आम्ही त्यांना आमच्या आजोबांची सांगितली. गावच्या हॉटेलाबाहेर, वळचणीला, त्यांच्यासाठी एक फुटक्या कानाची कपबशी ठेवलेली असे. ती स्वतः उचलायची, हॉटेलवाला वरून चहा ओतणार, बाहेर उकिडवे बसून प्यायचा, आणि स्वतःच विसळून पुन्हा वळचणीला ठेवायची. पैसे मात्र पूर्ण. ते पैसेसुद्धा हातात न घेता खाली ठेवायला सांगत. आमचे इंग्रजी तोकडे; 'वळचण' भाच्याने हातवारे करून समजावली. ते ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारले, "पैसे पूर्ण?"

"पूर्ण."

त्यांनी कट्ट्यामागच्या बाईंना काही स्पॅनिशमध्ये सांगितले. बाईंनी एक 'कोलादा' केली. कोलादा म्हणजे कडक, गोड कॉफीचा एक मोठा पेला आणि सोबत अंगठ्याएवढे इवलेसे रिकामे पेले. एकट्याने प्यायची ही चीज नव्हे. विकत घेणाऱ्याने बरोबरच्यांना वाटायची. म्हाताऱ्यांनी थरथरत्या हाताने पाच पेले भरले. एक स्वतःला, तीन आम्हाला, एक कट्ट्यावरच्या छप्पर बांधणाऱ्या पोराला, जो आमच्या ओळखीचा ना त्यांच्या. तो पोरगा "ग्रासियास" म्हणाला आणि कॉफी पिऊन कामावर निघून गेला.

या कॉफीचे आम्ही बारकाईने पाहून घेतले. पेल्यात आधी साखर घेतात. कॉफी उतरू लागली की पहिले चमचाभर घट्ट थेंब त्या साखरेवर टाकायचे आणि खरखरा फेटायचे. साखर फिकट, फेसाळ, मलईसारखी होते. त्याला 'एस्पुमिता' म्हणतात. मग उरलेली कॉफी ओतायची, फेस वर येतो. आपल्याकडे घरोघरी कॉफीची पूड आणि साखर फेटतात, त्याची ही बहीणच. त्याच कॉफीत थोडे दूध घातले की 'कोर्तादितो'. स्पॅनिशमध्ये कोर्तादो म्हणजे कापलेला. आपण मुंबईत गेल्यावर 'कटिंग' मागतो, ते तिथे त्यांना आधीपासून सुचलेले!

आणि मोठ्या कपात भरपूर गरम दूध घातलेली ती 'काफे कोन लेचे'. टांपात सकाळची न्याहारी म्हणजे ही दूध-कॉफी आणि लोणी लावून दाबलेला क्युबन पाव. पावाला ते 'पान' म्हणतात. आपला 'पाव' पोर्तुगिजांकडून आला, तेव्हा दोन्ही एकाच घरचे. सगळे जण तो पाव कॉफीत बुडवून खात होते. नटव्या हॉटेलात आमच्या घरच्या बाईंनी बुडवावा की नाही म्हणून चारदा इकडे-तिकडे पाहिले होते. इथे टपालवाल्या बाईने कोपरापर्यंत बाही सरसावून बुडवला, तशी आमच्याकडचीही भीड गेली.

इथेच एक घोटाळा झाला. विपश्यनेच्या शिबिराहून आल्यापासून आमच्या घरच्या बाईंनी मांसाहार सोडला आहे. त्यामुळे त्या बिचाऱ्या रोज नुसता पाव आणि कॉफी घेत. भाचा रोज सकाळी बेकरीतून हाच पाव घरी आणी. पाचव्या-सहाव्या दिवशी आम्ही कौतुकाने कॅफेतल्या बाईंना विचारले, पाव एवढा खुसखुशीत कसा? त्या अभिमानाने म्हणाल्या, "मान्तेका!" भाच्याचा चेहरा पडला. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. पारंपरिक क्युबन पावात ती असतेच.

"तुला ठाऊक होतं?" मामींनी विचारले.

"मामी, तुम्ही कधी विचारलंच नाही."

"मी विचारायचं? तू इथे सहा वर्षं राहतोस."

आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पोटात गेलं ते गेलं. ठाऊक नसताना गेलं. आता ठाऊक आहे." दुसऱ्या दिवसापासून पाव बंद. कॅफेतल्या बाईंना हे कळल्यावर त्या फार हळहळल्या. काळ्या घेवड्याची उसळ देऊ केली, मग स्वतःच कपाळाला हात लावला. त्यातही मांसाचा तुकडा शिजवलेला होता. शेवटी पांढरा भात आणि तळलेली पिकली केळी वाढली. ती गोड केळी मामींना एवढी आवडली, की निघायच्या दिवशी त्या एकट्या कट्ट्यामागे जाऊन बाईंकडून कृती शिकून आल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी, आणि डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी विशेषतः, पावाचेही विचारून घ्यावे. काही ठिकाणी वनस्पती तुपाचा पाव करतात.

घरी आल्यावर एका रविवारी आम्ही प्रयोग केला. तसा पाव नागपुरात मिळेना म्हणून लादीपाव घेतला. डुकराच्या मांसाऐवजी कोंबडी. संत्र्याचा रस, लिंबू, ठेचलेला लसूण आणि भाजलेले जिरे लावून रात्रभर ठेवली, सकाळी मंद आचेवर भाजली. बाजारची चीजची चकती, काकडीचे आंबट लोणचे, मोहरीची पेस्ट. लोणी फासून तव्यावर, वरून दुसरा तवा आणि त्यावर खलबत्ता. पाच मिनिटांत पाव चपटा आणि कडक. हे क्युबन सँडविच नव्हे. त्या बाईंनी पाहिले तर त्या आम्हाला "मी आमोर" म्हणणार नाहीत. मुलांनी मात्र मागून मागून खाल्ले. कॉफी जास्त जमली. चार इवल्या कपांना चार लहान चमचे साखर, मद्रासी फिल्टरमधून उतरलेल्या घट्ट कॉफीचा पहिला चमचा, आणि हात दुखेपर्यंत फेटणे.

आईला आम्ही दूध घालून दिली, कारण कडक कॉफी तिला सोसत नाही. कॉफी पीत तिने त्या वाचणाऱ्या माणसाची हकिकत ऐकून घेतली. मचाणावरचा वाचक, खाली वळणारे मजूर.

"मंग त्याले पैसे कोन देये?" तिने विचारले.

"मजूरच द्यायचे, आई. आपल्या मजुरीतून."

"आमच्या इथं त शेठच बोले," ती म्हणाली, "तेबी हिशोबाच्या दिवशी. शंभरातल्या दहा बिड्या छाटून बाजूले टाके, अन् म्हणे, ह्या खराब हायेत. अन् त्याच रात्री विके." मग थोडे थांबून म्हणाली, "कोनी वाचून दाखवलं असतं त बरं झालं असतं. हात त कामात होते, कान रिकामेच होते."

एवढे बोलून तिने लादीपावाचा एक तुकडा तोडला आणि कोणी न शिकवता कॉफीत बुडवला.